वांगीकर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यास एका आप्तांकडील लग्नाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण बसला होता. आम्हा जुन्या माणसांस शेजारी कोण बसले आहे हे कळल्याखेरीज घास गोड लागत नाही, आणि नाव विचारणे म्हणजे आमच्या लेखी आडनाव विचारणे. मी रीतीप्रमाणे विचारले. तो म्हणाला, "वांगीकर."

माझ्या हातातला मठ्ठ्याचा पेला तसाच राहिला. "कोणते वांगी?" मी विचारले.

या प्रश्नाचा अर्थच त्याच्या ध्यानी येईना. "आजोबा सोलापूरकडचे काहीतरी सांगत," तो म्हणाला, "पण आमच्यापैकी कोणी ते गाव पाहिलेले नाही. शाळेत मुले भाजीवरून चिडवीत, तेवढे मात्र पक्के आठवते."

मी त्यास सांगितले की सोलापूरकडचे वांगी मला चांगले ठाऊक आहे. माझा जन्म तेथला, आणि माझ्या वाडवडिलांच्या किती पिढ्या तेथे गेल्या ते मला मोजता येत नाही. त्याने साहजिकच विचारले, "मग गुरुजी, तुम्हीही वांगीकरच का?"

"नाही. मी कुळकर्णी."

तो हसला. ज्याने गाव डोळ्यांनी पाहिले नाही तो वांगीकर, आणि जो वांगीत जन्मला तो वांगीकर नव्हे, ही त्यास गंमत वाटली. वस्तुतः यात विसंगत असे काहीच नाही, उलट हाच नियम आहे. पण तेवढ्यात जिलबीचा आग्रह करणारे आले आणि बोलणे तुटले. त्याला सांगायचे राहिले ते, आणि जे सांगण्याचे धैर्य मला पुढे तीन महिने झाले नाही तेही, येथे लिहितो.

वांगी हे करमाळे तालुक्यातील, भीमेच्या डाव्या तीरावरचे गाव. आज ते जेथे आहे ती त्याची मूळ जागा नव्हे. जुने गावठाण उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेले, त्याची हकीकत पुढे येईल. आम्ही त्या गावठाणात राहत होतो तोपर्यंत आम्हांस कोणी वांगीकर म्हटले नाही आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. जेथे सारेच वांगीचे, तेथे 'वांगीचा' म्हणून एकट्यास निराळा कसा काढणार? गावात माणूस ओळखला जातो तो त्याच्या कामावरून, वतनावरून किंवा बापाच्या नावावरून. पाटील, कुळकर्णी, जोशी, चौगुले ही सारी गावाच्या आतली नावे. गावाचे नाव माणसास चिकटते ते वेस ओलांडल्यावर. परगावी गेला म्हणजे तेथील लोक विचारतात, 'हा कुठला?' आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढे त्याच्या मुलांचे आडनाव होऊन बसते. जुन्या गावगाड्यात जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन वस्तीस राहिलेला तो उपरी. 'कर' हा बहुधा उपऱ्याचा शिक्का होय. म्हणून ज्याच्या आडनावात गावाचे नाव आहे त्याच्या घराण्याने ते गाव केव्हातरी सोडले, असे खुशाल समजावे. अपवाद निघतील, पण अपवादच निघाले नाहीत तर व्याकरणकारांनी करावे तरी काय?

याची मोठी उदाहरणे आमच्याच नद्यांच्या काठी आहेत. नीरा नदी नरसिंहपुरास भीमेला मिळते. या नीरेच्या काठी होळ नावाचे लहानसे गाव आहे. मल्हाररावांचे घराणे त्या गावचे. परंतु 'होळकर' हे नाव गाजले ते माळव्यात, इंदुरास. होळात राहिलेल्या धनगरांस होळकर म्हणवून घेण्याची गरज कधी पडली असेल असे वाटत नाही. फलटणच्या निंबाळकरांचे मूळ आडनाव पवार; निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. आमच्या करमाळ्याची कमलाभवानी ज्यांनी अठराव्या शतकात बांधली ते रावरंभा याच कुळातले. म्हणजे आमच्या तालुक्याच्या ग्रामदैवताच्या देवळावर जे नाव आहे तेही दुसऱ्याच एका गावाचे. गोमंतकात तर 'कर' नसलेले आडनाव शोधावे लागते. मास्टर दीनानाथांनी मंगेशी गावावरून 'मंगेशकर' हे आडनाव स्वतः होऊन घेतले, आणि ते ऐकू आले ते मंगेशीच्या कितीतरी बाहेर.

मला या नियमाचा उलगडा झाला तो मात्र इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे. वयाच्या पंधराव्या वर्षी वडिलांनी मजकडून अष्टाध्यायीतील तद्धिताचे प्रकरण घोकून घेतले होते. त्यात माणसास स्थळावरून नाव पडण्यासंबंधी दोन सूत्रे लागोपाठ येतात. एक 'निवासा'चे आणि दुसरे 'अभिजना'चे. निवास म्हणजे जेथे मनुष्य सांप्रत राहतो ते स्थळ, आणि अभिजन म्हणजे जेथे त्याचे पूर्वज राहत असत ते, असा भेद टीकाकारांनी सांगितला आहे. त्या वेळी मला वाटले, एवढ्या बारीक भेदासाठी पाणिनीने वेगळे सूत्र का खर्चावे? सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ही मंडळी! आणि संस्कृतात रूप तर दोहोंचे एकच होते: मथुरेत राहणारा तोही माथुर, ज्याचे वाडवडील मथुरेचे तोही माथुर. मराठीने मात्र आपला 'कर' जवळजवळ सगळा अभिजनाकडे वळविला. या 'कर'चा संबंध कुंभकार, चर्मकार यांतील 'करणाऱ्या'शी लावण्याचा मोह होतो; पण वांगीकर काही वांगी करीत नाही. प्राकृत व्याकरणात हेमचंद्राने 'त्याचा, त्याच्या संबंधीचा' या अर्थी 'केर' असा प्रत्यय सांगितला आहे, त्याच्याच घराण्यात आमच्या 'कर'चा जन्म असावा, असे माझे मत आहे.

गावाच्या नावाचे म्हणाल तर भाजीशी त्याचा काय संबंध आहे ते गावातही कोणी सांगत नसे. भाजीचा शब्द मात्र मोठा फिरस्ता आहे. संस्कृतातला 'वातिंगण' फारशीत 'बादिंजान' झाला, अरबांबरोबर पोर्तुगालास गेला, 'बेरिंजेला' होऊन पोर्तुगीजांच्या गलबतांतून पुन्हा हिंदुस्थानात उतरला आणि येथील इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' झाला. एवढा प्रवास करूनही त्याने आडनाव बदलले नाही असे म्हणवत नाही.

लग्नाहून परत आल्यावर त्या तरुणाचे दूरध्वनीवर बोलावणे येऊ लागले. त्याने नोकरीनिमित्त दोन वर्षे मँचेस्टरास काढली होती. तिकडे सुटीच्या दिवशी आपल्या आडनावाची कुळकथा शोधीत बसणे हा पुष्कळांचा छंद, असे तो सांगे. आणि त्यांस शोधता येते, आपणांस का येऊ नये, असे त्याचे म्हणणे. मग माझ्या धाकट्या कन्येने मला काही पुस्तके व लेख मिळवून दिले, आणि मी म्हातारपणी इंग्रजांच्या आडनावांत शिरलो.

त्यांच्याकडेही गावावरून पडलेली आडनावे विपुल आहेत, आणि त्यांतही नियम हाच, की नाव पडते ते गाव सोडल्यावर. लँकशायर परगण्यात बरी गावाजवळ एक जागा होती, तिच्या नावाचा अर्थ मेंढरांच्या झऱ्याची दरी असा. ती वस्ती आता नाही. तिच्यावरून पडलेले आडनाव मात्र आहे, ते 'शफलबॉटम'. 'बॉटम' म्हणजे जुन्या इंग्रजीत दरीचा तळ. आजच्या बोलीत त्याचा अर्थ माणसाचा पार्श्वभाग. ज्यांना हे नाव मिळाले त्यांनी शाळेत काय सोसले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. पुष्कळांनी शेवटचे अक्षर फिरवून 'बॉथम' असे लिहावयास आरंभ केला. हे वाचताना मला हसू आले नाही. का, ते पुढे येईल.

परंतु त्यांच्या व आमच्या आडनावांत एक भेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडात १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला. १८८१ ची त्यांची खानेसुमारी तर आज नावानिशी पाहावयास मिळते, आणि कोणते आडनाव कोणत्या परगण्यात किती होते ते मोजता येते. विरळ आडनाव नकाशावर मांडले की ते एका खोऱ्याभोवती गोळा झालेले दिसते, कारण पुष्कळदा ते एकाच घरापासून निघालेले असते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांच्या रक्तातील वंशचिन्हे तपासली आणि २००० साली प्रसिद्ध केले, की त्यांतील जवळपास निम्म्यांचा पितृवंश एकच आहे. आमच्या 'कर'ची अशी परीक्षा करू जाल तर फसाल. वांगीहून उठलेला ब्राह्मण वांगीकर, मराठा वांगीकर, साळी वांगीकर, महार वांगीकर. माझ्या पंगतीतल्या तरुणाचे पणजोबा पुण्यास येऊन शिंपीकाम करीत, असे पुढे कळले. भीमराव रामजींच्या घराचे मूळ आडनाव सकपाळ, आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे; ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव 'आंबेडकर' म्हणून दाखल झाले. त्याच प्रत्ययाने केळकर झाले, त्यानेच होळकर. आडनावावरून जात ओळखण्याची जी खोड आम्हा लोकांस लागलेली आहे तिला 'कर' दाद देत नाही. तो फक्त माती सांगतो, आणि तीही नेमकी सांगेलच असे नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात दुसरे वांगी आहे; तेथून निघालेला तोही वांगीकरच. म्हणून तर मी पंगतीत विचारले होते, 'कोणते?'

वांगीकर किती, याचा आकडा कोणी देऊ शकणार नाही. आपल्या खानेसुमारीत आडनावांचे कोष्टक नसते. मी अडतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि त्यांतील बहुतेक वर्षे धरणकाठच्या गावांत गेली. दर जूनला नवी मुले दाखल करताना जनरल रजिस्टर माझ्या हाताखालून जाई. इंदापूरकर भेटले, टेंभुर्णीकर भेटले. करमाळा तालुक्यातल्या एकाही शाळेत वांगीकर भेटला नाही. भेटावा कसा? बाहेर मात्र सोलापुरात एक डॉक्टर, पुण्यात दोन-तीन घरे आणि आता हा तरुण, असे उभ्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतके. असली विरळ नावे टिकतात की संपतात, हा प्रश्न इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली जाहीररीत्या विचारला होता आणि वॉटसन नावाच्या पाद्र्याने त्याचे गणित मांडले. घरटी सरासरी एकाहून अधिक मुलगे नसतील तर नाव केव्हातरी बुडणार, असा त्याचा एकूण निष्कर्ष. मला दोन कन्याच आहेत. माझा भाग त्या गणितात केव्हाच सुटलेला आहे. पण कुळकर्णी हे नाव माझ्यावाचून अडणारे नव्हे.

आता ते सांगतो ज्यासाठी लिहावयास बसलो.

आमच्या घरी कुळकर्ण किती पिढ्यांचे होते ते मी वर म्हटलेच. वडिलांस आम्ही अण्णा म्हणत असू. बोरूने मोडी लिहिण्यात त्यांचा हात असा, की ओळ आखून ओढल्यासारखी दिसे. गावचे जमाबंदीचे कागद त्यांच्या दप्तरात, कोणाचा बांध कोठवर हे त्यांच्या तोंडात. अठ्ठेचाळीस सालच्या जाळपोळीनंतर भीमाकाठच्या किती तरी गावांतून ब्राह्मणांची घरे उठली; आमचे उठले नाही. १९५० साली मुंबई सरकारने कायदा करून परगणा व कुळकर्णी वतने खालसा केली. गावात तलाठी आला. अण्णांनी सरकारी कागद रीतसर मोजून त्याच्या हवाली केले, घरच्या नकला तेवढ्या रुमालात बांधून माळ्यावर टाकल्या, आणि शेती व पूजाअर्चा यांवर राहिले. काम गेले, पण नाव राहिले. मला ते जन्मतःच मिळाले ते असे मागे काही नसलेले.

पुढे धरणाचे काम लागले. भीमेवर माढे तालुक्यातील उजनीस बांध घातला जाऊन १९८० साली तो पुरा झाला. त्याचा जलाशय यशवंतसागर या नावाने प्रसिद्ध आहे. पूर्ण भरला म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ अब्ज घनफूट, हा मृतसाठा. करमाळे, माढे, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांची पांढरी आणि काळी दोन्ही त्यात गेली. आगगाडीचा रस्तादेखील उचलून दुसरीकडून न्यावा लागला. उसाने व वीजपंपांनी ज्यांचे दिवस पालटले ते धरणाला दुवा देतात आणि तेही खोटे नाही. लोक उंचावर नव्या गावठाणांत गेले. जुन्या गावांची नावे नव्या वस्त्यांस दिली, आणि एका गावाच्या जेथे दोन-तीन वस्त्या झाल्या तेथे क्रमांक पडले: केत्तूर नंबर १ आणि नंबर २, वांगी नंबर १, २, ३. गाव पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीप्रमाणे क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. टपालवाला पहिली काही वर्षे फार त्रासला.

आम्ही आमचे घर उतरवून घेतले ते दिवस मला नीट आठवतात. सागाची तुळवटे, दारांच्या चौकटी, देवघराची फळी असे एकेक बैलगाडीत चढत होते. मी तेव्हा नुकताच नोकरीस लागलो होतो आणि सुटी घेऊन आलो होतो. नव्या जागी पत्र्याच्या छपरात पहिल्या रात्री अण्णांनी मला जवळ बसवून म्हटले, "अरे, एक विचार मनात आहे. गाव होते तोवर आपण गावचे कुळकर्णी. आता कुळकर्ण गेले त्याला तीस वर्षे होत आली, आणि आज गावही गेले. आता आपण गावाबाहेरचे. मग रीतीप्रमाणे आपण वांगीकर व्हायला पाहिजे. सरकारी राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येते म्हणतात. तू शाळेतला, तुला ते ठाऊक असेल."

ज्यांनी निवास व अभिजन मला घोकून दिले होते ते बोलत होते. त्या दिवशी त्यांचा निवास संपून अभिजन झाला होता, आणि ते मला त्याचा प्रत्यय लावून मागत होते. मला ते कळले, आणि कळूनही मी म्हटले, "अण्णा, माझा मॅट्रिकचा दाखला, शिक्षकी परीक्षेचे प्रमाणपत्र, सेवापुस्तक, सगळे कुळकर्णी नावाने आहे. ते कोठे कोठे बदलत बसू? आणि वांगीचे गावठाण गेले, वांगी तर आहेच, हे काय नंबर एक."

सबब खरी होती, पण कारण ते नव्हते. मी ज्या शाळेवर होतो तेथे आठवडाभरच आधी एका मुलास त्याच्या आडनावावरून इतर मुले छळताना मी पाहिले होते आणि छळणाऱ्यांना छड्याही दिल्या होत्या. 'वांगीकर मास्तर' अशी हाक पाठीमागून कशी येईल ते मला त्या पत्र्याच्या छपराखाली स्पष्ट ऐकू आले. मुले भाजीचे नाव घेतील, फळ्यावर चित्र काढतील. बाविशीचे वय, एवढ्यासाठी मी नाही म्हटले. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, 'बरे,' म्हटले, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. ते ११ वर्षे त्या नव्या गावठाणात राहिले. तेथे कोणी परका माणूस आला आणि 'आपण मूळचे कुठले' असे विचारले, की ते हाताने पाण्याकडे दाखवीत.

ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी मी उघडली. तीत मोडी कागदांचा तो रुमाल होता, आणि त्याच्या वर एक अर्ध्या तावाचा कागद. त्यावर त्यांनी आपले व आपल्या वडिलांचे नाव लिहून पुढे 'वांगीकर' असे लिहिले होते. एकदा नव्हे, ओळीने बारा वेळा, शेवटी शेवटी झपाट्याने, जसा माणूस नवी सही हाताला बसवितो तसे. खाली तारीख नव्हती. मी नाही म्हटल्याच्या आधीचा तो कागद की नंतरचा, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

त्या साली, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात, धरणाचे पाणी फार खाली गेले. साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला, म्हणजे मृतसाठाच उपसला जात होता. अशा वर्षी जुनी गावे वर येतात. पैलतीरी पळसदेवास पळसनाथाचे प्राचीन देऊळ उघडे पडते आणि पाहावयास लोकांची रीघ लागते. इंग्लंडात डार्बीशायरमध्ये लेडीबोवर तलावाखाली डरवेंट नावाचे गाव बुडविले तेव्हा चर्चचा मनोरा पाण्यावर उभा ठेवला होता. लोक तेथवर पोहत जाऊ लागले म्हणून १९४७ साली सुरुंग लावून तो पाडला. आमच्याकडे कोणी काही पाडले नाही. पाणी झाकते, पाणीच उघडते.

मे महिन्यात तो तरुण आपल्या गाडीने आला. मी त्यास वांगीच्या काठावर नेले. गाळ वाळून भेगा पडल्या होत्या. मासेमारांच्या होड्या दूर ओढून ठेवलेल्या, मधून पायवाट. मला वाटले होते की मी डोळे मिटून वेस, चावडी, पार दाखवीन. प्रत्यक्षात दगडी जोत्यांच्या दोन-चार रांगा, एक अर्धवट बुजलेला आड, आणि सगळीकडे शिंपल्यांचा चुरा. चावडी कोणती आणि आमचे घर कोणते, याविषयी माझी दोनदा चूक झाली. शेवटी आडावरून दिशा लागली.

"आमचे घर कोठे होते?" त्याने विचारले.

मी घरून निघण्यापूर्वी चार रात्री रुमाल सोडून वाचीत बसलो होतो. त्यात दुष्काळाच्या सालचे, म्हणजे १८७६ ते ७८ च्या सुमाराचे, काही फाळे आहेत. नावांपुढे 'परागंदा' असा शेरा पुनःपुन्हा येतो. पण ती नावे अमुक बिन तमुक एवढीच; आडनाव क्वचित. त्याच्या पणजोबांचे नाव त्यास ठाऊक होते, त्यांच्या वडिलांचे नव्हते. 'बिन'च्या अलीकडचे नाव असलेले तिघे सापडले. त्यांतला शिंपी कोणता, हे लिहिणाऱ्या माझ्या पूर्वजास सांगण्याची गरज वाटली नव्हती; त्या वेळी सगळ्या गावाला ते माहीतच होते.

मी त्याला तसे सांगितले. तो जोत्यावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तरी येथले आहात. तुम्ही वांगीकर का झाला नाहीत? त्या दिवशी पंगतीत सांगणार होता."

पंगतीत मी त्यास नियम सांगितला असता, पाणिनी सांगितला असता. तेथे त्या चिखलात मी त्याला अण्णांचे सांगितले. फळ्यावरच्या चित्राची भीतीही सांगितली. तो हसेल असे वाटले होते. तो म्हणाला, "माझ्या फळ्यावर खरेच काढले होते. पाचवीत. नंतर कंटाळले."

परत येताना त्याने तो कागद पाहावयास मागितला. घरी आल्यावर मी पेटीतून काढून त्याच्या हाती दिला. मोडी त्यास वाचता येत नव्हती. बारा ओळींतला शेवटचा शब्द सारखा आहे एवढे त्याने ओळखले आणि बोट ठेवून विचारले, "हा ना?" मी हो म्हटले. त्याने कागदाचे छायाचित्र घेण्यासाठी खिशातले यंत्र काढले; मला ते त्या क्षणी सहन झाले नाही, आणि मी कागद काढून घेतला. तो काही बोलला नाही. जेवून, नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने मी जेऊरला गेलो, दुकानात त्या कागदाची चांगल्यापैकी नक्कल काढून घेतली, शेवटच्या शब्दाखाली देवनागरीत 'वांगीकर' असे लिहिले आणि रजिस्टर टपालाने त्याच्या पत्त्यावर पाठविली. पाकिटावर त्याचे आडनाव लिहिताना टपाल कचेरीतील बाई म्हणाल्या, "गुरुजी, हे आपल्या वांगीचेच का?" मी म्हटले, होय, आपल्याच. मूळ कागद पेटीत रुमालाच्या वर ठेवला आहे.